पामगोलच्या आजींची गुंडाळी

हॅलो? … कोरियन भाषा-साहित्य विभाग, ओकजू बोलतेय. … कोण? … येसुल? अगं, कुठे उलथली आहेस तू? सकाळी जुन्या व्याकरणाचा तास बुडवलास. नामगुंग सरांनी हजेरीत तुझं नाव दोनदा पुकारलं आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. जशी काही मी तुला पर्समध्ये घालून फिरते! … आवाज नीट येत नाहीये. बाहेर ये जरा. … हां, आता बोल.

… कोण गेलं?

… कुठल्या आजी? … पामगोलच्या? आपल्या बोली गोळा करायच्या दौऱ्यातल्या पामगोलच्या आजी?

अरेरे… कधी? … काल पहाटे. … एक्याण्णव होत्या ना? … झोपेतच? चला, हाल तरी झाले नाहीत बिचारीचे.

आणि तू तिकडे, आन्दोंगला पोचलीससुद्धा? तुला कोणी कळवलं? … सूनबाईंनी? विभागाला नाही कळवलं, तुला कळवलं? … बरं, बरं. गेलीस ते चांगलं केलंस. काळे कपडे घातलेस ना? ते गुलाबी बूट घालून नाही ना गेलीस? … हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात, हो, माहीत आहे मला ती जागा. काही खाल्लंस का? … भेटायला आलेल्यांना तिखट रस्सा-भात देतात ना तिथे, तो खाऊन घे, नाही म्हणू नये. ऐक, मी विभागातर्फे फुलांचं चक्र पाठवायची व्यवस्था करते. रिबिनीवर सरांचं नाव घालते, म्हणजे…

… फुलं नकोत? मग काय हवंय?

… काय? परत बोल.

… गुंडाळी?

… शवपेटीत ठेवायला? त्यांच्याबरोबर?

येसुल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

नाही, नाही, थांब. आता मी बोलते. ती गुंडाळी म्हणजे काय दुकानातली पुडी आहे का, आणा म्हटलं की आणली? सात मीटर कागद आहे तो. तुतीच्या सालीचा. एका बाईने लग्न झाल्यापासून साठीपर्यंत, जसा वेळ मिळेल तसा, कागदाला कागद चिकटवत लिहिलेलं कवन आहे. आपल्याकडे असं दुसरं नाही. आणि तुम्ही ते डोंगरावर नेऊन मातीत घालणार? दोन पावसाळ्यांत लगदा होईल त्याचा!

… हो, ओरडतेय. ओरडणारच! तिसऱ्या वर्षाला आहेस ना गं तू? एवढं कळायला नको? त्या बाईचं अक्षर, तिची बोली, ते जुने उच्चार, सगळ्या खोऱ्यात आता दहा माणसं तसं बोलत नसतील…

… रीत आहे, मला माहीत आहे रीत आहे. तिकडच्या बायका आपापली कवनं बरोबर घेऊन जातात, हे तू मला सांगणार? परीक्षेत तो प्रश्न मीच काढला होता. तू अर्धाच लिहिला होतास. … अगं, पण ह्याच रीतीपायी कितीतरी गुंडाळ्या गेल्या ना मातीत! आपल्या हातात काय उरलं? सांग ना, काय उरलं?

आणि ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन आहे, ते विसरलीस? काचपेटी मागवलीय खास. … हो, ह्याच गुंडाळीसाठी. यंदा पहिल्या वर्षाला किती मुलं आली आपल्याकडे? अकरा. अकरा! वरचे लोक येता-जाता विचारतात, ह्या विभागाचा उपयोग काय म्हणून. तेव्हा सरांनी त्यांना काय दाखवायचं, तुझे गुलाबी बूट?

… काय दिला होतास? … शब्द?

तू कोण गं शब्द देणारी?

नाही, खरंच विचारतेय. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतीस. दौऱ्यावर गेलीस, गावच्या सभागृहात पथारी पसरून झोपलीस, त्या आजींच्या हातची कोबीच्या पानांची धिरडी हाणलीस, आणि विभागाच्या वतीने शब्द देऊन मोकळी झालीस? कोणाला विचारून? … लिहून दिलंस? वा! कशावर? … वहीच्या पानावर. … आणि ते पान आता सूनबाईंच्या हातात आहे. वा, वा, वा. … वाच. वाच म्हणते ना, काय अक्कल पाजळलीयेस ते कळू दे.

… 'इथल्या स्कॅनच्या यंत्रात लांब कागद मावत नाही म्हणून नेत आहे. दोन आठवड्यांत मी स्वतः परत आणून देईन.' … खाली तुझं नाव. … तारीख? … गेल्या वर्षीचा एप्रिल.

म्हणजे तेरा महिने झाले.

… नाही, ऐकतेय. … एक मिनिट हं. ए, हजेरीचं पत्र दोन वाजल्यानंतर! दोन! दारावर एवढं मोठं लिहिलंय. दार ओढून घे जाताना. … हां, बोल.

हे बघ, येसुल, तुझ्या त्या पानाला आता काही अर्थ नाही. त्यानंतर देणगीपत्र झालंय. रीतसर. थांब, फाईल मागेच आहे, वायर पुरते का बघते… एकशे बारा… एकशे तेरा… ही घे, एकशे चौदा. 'सदर हस्तलिखित मी राजीखुशीने विभागास कायमचे देत आहे.' खाली पूर्ण नाव, क्वोन सून-दोक, आणि सहीच्या जागी त्यांच्या नावाचा लाल शिक्का. त्यांचा स्वतःचा. झालं समाधान?

… त्यांना काय वाटलं?

… पावती वाटली? उसनं नेल्याची पावती?

म्हणजे तू वाचून नाही दाखवलंस? अगं, शिक्का घ्यायला तूच गेली होतीस ना! नव्वदीच्या बाईपुढे कागद सरकवायचा आणि 'इथे मारा' म्हणायचं? तिला छापील बारीक अक्षर दिसत तरी होतं का? नाही ना? तिने तुझ्या तोंडाकडे बघून शिक्का मारला असेल. नातीसारखी पोर आहे म्हणून मारला असेल. लाज नाही वाटली? … फसवणूक आहे ही, येसुल! सरळसरळ फसवणूक! भाषा शिकता ना तुम्ही इथे? आणि समोरच्या माणसाला दोन ओळी वाचून दाखवता येत नाहीत? कोणी सांगितलं होतं तुला असं…

…

… मी?

… मी असं म्हटलं?

… कधी? … बसस्टँडवर. … हो, पोचवायला आले होते मी. … नेमकं काय म्हटलं ते सांग. माझ्या शब्दांत सांग, तुझ्या नको.

… 'म्हाताऱ्या माणसांना सगळं समजावत बसलीस तर शेवटची बस चुकेल. शिक्का घे आणि निघ.'

…

हो. म्हटलं असेन.

नाही, असेन नाही. म्हटलं. आठवतंय मला. वर तुझ्या हातात त्या दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या पट्ट्यांचं खोकंही दिलं होतं. आजींना दे म्हणजे खूश होतील, म्हणून.

… रडू नकोस. … रडू नकोस म्हणतेय ना! माझा राग तुझ्यावर नाहीये. … आहे, पण आता थोडा कमी आहे.

… मागून कोण बोलतंय? सूनबाई? काय म्हणतायत? … आजी विभागात फोन करायच्या म्हणे. … त्यांना सांग… नाही, काही सांगू नकोस. मला ठाऊक आहे. फोन मीच उचलायचे.

… पाच वेळा. … सहा? सहावा मला आठवत नाही. … दर वेळी तेच. 'बाई, माझा कागद झाला का वाचून?' एकदाही आवाज चढवला नाही. उलट मलाच विचारायच्या, जेवलीस का, तिकडे थंडी फार आहे का. आणि मी म्हणायचे, हो आजी, झालंच, पुढच्या आठवड्यात नक्की. त्यांच्या तोंडाला पानं पुसायची आणि फोन ठेवायचा. आणि फोन ठेवला की त्यांनी 'कागद' हा शब्द कसा उच्चारला ते टिपून ठेवायचं. … ऐकतेयस ना? टिपून ठेवायचे मी! प्रबंधाच्या परिशिष्टात आहे ते. 'दूरध्वनीवरील बोली, वय नव्वद, स्त्री.'

मला ना आत्ता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

… सरांना? सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. सर म्हणाले, 'ओकजू, आणखी थोडं ताणून धर. त्या वयात माणूस विसरतं.' … मी काय म्हणणार? मी हसले. … हो, हसले! सर काही बोलले की आपण सगळे हसतो ना, तशी हसले.

विसरतं म्हणे! सत्तर वर्षं जी बाई…

… काय? … कोणाला द्यायचीय त्यांना? … येसुल, हे तू मला शिकवू नकोस. ती कोणाला लिहिलीय ते मला माहीत नाही का? सात मीटर अक्षर न अक्षर मी उतरवून काढलंय. पहिलीच ओळ आहे, 'आई, बघ, तुझी लेक लिहितेय.'

… हो, आईलाच. … मग? सगळं माहीत आहे मला. एकोणिसाव्या वर्षी, लढाईच्या धामधुमीत लग्न करून खिंडीपलीकडे आली. माहेर एका दिवसाच्या चालीवर, पण जायचं नाव नाही. सुगी आटपली की वर्षातून एकदा आईने तिकडून निघायचं, हिने इकडून, खिंडीत अर्ध्या वाटेवर भेटायचं. झाडाखाली बसून डबे सोडायचे, एकमेकींच्या केसांतून हात फिरवायचे, आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या वाटेने परत. अशा तीन भेटी झाल्या. तीनच! चौथ्या वर्षी ही ऊन उतरेपर्यंत खिंडीत बसून राहिली आणि आई आलीच नाही.

का नाही आली? मेली होती आई! हिच्या घरी निरोप आला होता आदल्या आठवड्यात. सासूने दाबून ठेवला. हिला डबा बांधून दिला, खिंडीत जाऊ दिलं, रडवेली परत आलेली बघितली, तरी तोंड उघडलं नाही. का? तर पुढे हिवाळ्याची किमची, कोबीचं लोणचं, घालायची होती. तीनशे कोबी मिठात घालायचे होते. सून सुतकात बसली असती तर दोन हात कमी पडले असते. शेवटचा रांजण पुरून झाला आणि मग सांगितलं. तोवर ही पोर गार पाण्यात कोबी धूत होती आणि मनात म्हणत होती, आई रुसली वाटतं माझ्यावर.

हे मी चाळीस वेळा वाचलंय, येसुल. चाळीस वेळा! आणि काय केलं माहीत आहे? लय मोजली. चार अक्षरं, चार अक्षरं. एका ओळीत कोबीला जुना शब्द सापडला, तो कुठल्या कोशात नाही. तळटीप लिहिली. इतका आनंद झाला होता मला, की खाली जाऊन स्वतःलाच आईस्क्रीम घेतलं.

… नाही, तू नको समजूत घालूस. तुझं वय नाही ते.

आणि शेवटच्या कागदावर काय आहे? … तू वाचलायस? … मग? 'मला तुझा निरोप उशिरा मिळाला. माझा तुला उशिरा मिळू नये, म्हणून हे मी हातानेच घेऊन येते.' हातानेच, असं लिहिलंय ना तिने? आणि आता निघालीय रिकाम्या हातांनी. आमच्यामुळे. इतके शिकलेले आम्ही!

… किती वाजता? … चारला पेटीत ठेवणार. … आणि मग झाकण. … एकदा झाकण लागलं की लागलं, हो. … इथे आत्ता एक वाजून वीस मिनिटं झालीत.

थोरले चिरंजीव काय म्हणतायत? … 'विद्यापीठात काचेत राहील, घराण्याचं नाव होईल, असू दे तिथेच.' हे त्यांचं बोलणं नाही. सरांनी मागेच कधीतरी त्यांना घोळात घेतलेलं दिसतंय. … आणि सूनबाई? … आत जाऊन बसल्यात? सासूजवळ? … हात धरून?

… काय म्हणाल्या? … 'कागद आल्याशिवाय झाकण लावणार असाल तर मलाही आत घाला.' अगदी असं? नवऱ्यासमोर? सगळ्या भावकीसमोर? … सत्तरीच्या आहेत ना गं त्या? गुडघे तर त्यांचेही गेलेत. … वा! वाघीण आहे बाई.

… छापील प्रत? ही कोणाची अक्कल? … चिरंजीवांची. त्यांना म्हणावं, आईला शेवटचा घास भरवायच्या ऐवजी घासाचा फोटो… नाही, नाही, असं काही बोलू नकोस, मयताच्या घरी आहेस. माझी जीभ आज ताब्यात नाही. … पण नाही चालणार, येसुल. तिच्या हाताचे डाग आहेत त्या कागदावर. किमचीच्या ओळीत एका जागी पाणी पडून सगळी शाई पसरलीय. तिथे मी काय लिहिलंय सांगू? 'अवाचनीय.' कंसात! 'सुमारे सहा अक्षरे अवाचनीय.' …

थांब. फोन ठेवू नकोस. धरून ठेव.

… ही नाही… ही पण नाही… एकोणीस किल्ल्या आणि कुलपं सहा, काय विभाग आहे हा… ही सरांच्या खोलीची… हां. उघडला खण.

… आहेस ना? … आहे. इथेच आहे. आपण तिला साधी दोरी बदलून फीत लावली होती, आठवतं? …

… काही नाही. … काही नाही म्हणतेय ना. पहिल्या कागदावर आपला शिक्का आहे. विभागाचा, लालभडक, वर नोंद क्रमांक. 'आई, बघ' लिहिलंय ना, बरोबर त्याच्या डोक्यावर. मीच मारला होता. तिरका येऊ नये म्हणून पट्टी लावून मारला होता. … नाही, ती शाई निघत नाही. घासायला गेले तर कागद फाटेल. … राहू दे तसाच. त्यांच्या आईलाही कळू दे वाटेत कोणी अडवून ठेवलं होतं ते.

… एक पन्नासची बस आहे. तीन वीसला पोचते. स्टँडवरून टॅक्सी करीन, दहा मिनिटं. … हो, मीच. दुसरं कोण येणार? … सुती पिशवी आहे, तिच्यात घालते. … तिकडे पाऊस नाही ना? … ढग आहेत. बरं, वरून प्लास्टिक गुंडाळते.

… काय? … 'ताई, तुमच्या प्रबंधाचं काय?'

फोन केलास तेव्हा नाही आठवला तुला प्रबंध! … हो, तोंडी परीक्षा तीन आठवड्यांनी आहे. … हो, सही सरांचीच लागते. … आठ वर्षं. मोजता येतात मला. आठ वर्षं ह्याच खुर्चीत बसून ह्याच लोकांच्या कॉफीचे कप विसळलेत. … सरांनी हात वर केले तर संपलं. ह्या वयात मला दुसरं कोणी घेणार नाही. आईला तर मी सांगून बसलेय, उन्हाळ्यात पदवीचा झगा घालून फोटो काढू. शेजारणींना दाखवून झालंय तिचं, अजून न काढलेला फोटो. …

मग काय करू सांग! चारला झाकण लागू देऊ? आणि तीन आठवड्यांनी त्या खोलीत पाच जणांपुढे उभी राहून सांगू, की महाशय, ह्या बाईच्या रडण्याची लय चार-चार अक्षरांची आहे? … जमेल मला असं वाटतं तुला? … मला तर वाटतं, जमलं असतं. तू आज फोन केला नसतास तर अगदी छान जमलं असतं, आणि ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय.

… 'राहू दे' काय राहू दे? अगं, अर्धा तास माझं डोकं खाल्लंस, आणि आता मी उठलेय तर राहू दे म्हणतेस? कमाल आहे तुझी! … नाही, आता तू गप्प बस. एक शब्द बोलू नकोस.

नोंदवही कुठे गेली… ही. … लिहिणार म्हणजे लिहिणारच. मी काय चोरी करतेय का, न लिहिता न्यायला? दप्तर माझ्या ताब्यात आहे. एकशे चौदा… क्वोन सून-दोक, पामगोल… 'परत केली'… तारीख… पेनात शाई पण आत्ताच संपायची होती! … हां, उमटलं.

… शू. जिन्यावर कोणीतरी आहे. … पावलं ओळखीची आहेत. … धर फोन, ठेवू नकोस. सर येतायत.

या सर. तास लवकर सुटला? … हो सर, मीच ओरडत होते. वरपर्यंत ऐकू आलं? … माफ करा. … नाही सर, घरचं कोणी नाही. येसुल आहे फोनवर. आन्दोंगहून बोलतेय. पामगोलच्या आजी गेल्या. … काल पहाटे. … हो सर, वाईट झालं.

… ही? हो सर, एकशे चौदाच आहे. … नाही, वाळवी बघायला नाही काढली.

त्यांच्या पेटीत ठेवायला घेऊन चाललेय.

… बरोबर ऐकलंत सर.

… देणगीपत्र आहे, मला माहीत आहे सर, कारण ते मी टाईप केलंय. त्यांना ते न वाचून दाखवता शिक्का घ्यायला पाठवलं, तेही मीच. त्या कागदाची किंमत मला नका सांगू.

… स्कॅन आहेत सर. सगळं उतरवलेलं आहे, दोन ठिकाणी ठेवलंय. आपल्याला वाचायचं होतं, आपण वाचलं. ज्या बाईसाठी लिहिलं तिने अजून वाचलेलं नाही.

… नाही सर, भावनेच्या भरात नाही. रागाच्या भरात. … तुमच्यावर. … आणि माझ्यावर. माझ्यावर जास्त, पण तुमच्यावर पण आहे.

… प्रदर्शनात? रिकामी काचपेटी ठेवा. खाली पाटी लावा, मालकीणबाई घेऊन गेल्या. … चेष्टा नाही करत सर. तशी पाटी असली तर मी स्वतः दहा मुलांना ती दाखवायला आणीन. … विभाग बंद पडला तर? … पडला तर पडला सर! सहा फोन केले त्या बाईने. सहा! आणि आपण दोघं हसलो. असा विभाग चालवून करायचं काय?

… सर, हात काढा त्यावरून. … सर, फाटेल. … कृपा करून हात काढा.

… थँक यू.

… बसा ना सर. पाणी देऊ? … नोंदवहीत? मी लिहिलंय, उघडीच आहे, वाचा. … नाही, खोडणार नाही.

… हो. … तीन आठवड्यांनी. … हो सर.

… म्हणजे तोंडी परीक्षेला यायचंच नाही. … बरं. … नाही, पुन्हा सांगायची गरज नाही सर, तुम्ही फार स्पष्ट बोललात. … किल्ल्या टेबलावर ठेवते.

येसुल? … आहेस ना? … ऐकलंस सगळं? … मग आता हुंदके काय देतेस, मला बस गाठायचीय. … नाही गं. हे प्लास्टिक जरा निसटतंय फक्त. … झालं. बसली पिशवीत.

आत जा. सूनबाईंना सांग, झाकण लावू देऊ नका. मी निघाले. ठेवते.